देवघरातल्या दगडातला कार्बन नेमका कोणाचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. बडोद्याला दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात, देवघरात, मुठीएवढा काळा दगड आहे. आजींच्या सासऱ्यांना तो सावलीकडच्या शेतात मिळाला आणि 'आकाशातून पडलेला' म्हणून घरी आला. तेव्हापासून रोज त्याची पूजा होते. आता नातवाने त्याची चिमूटभर पूड मधातली भेसळ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत दिली. रिपोर्ट आला: कार्बन ०.०९ टक्के, डेल्टा-१३ उणे २५.८. दगड विकत घ्यायला उत्सुक असलेल्या एका गृहस्थाने सांगितलं की आकडा उणे आहे, म्हणजे हा आदिम अशनी (अवकाशातून पडलेला दगड) आणि आत सजीवांचा कार्बन. नातू पत्रातून विचारतो आहे: आकडा बरोबर आहे का? यावरून दगड अशनी ठरतो का? आणि उणे म्हणजे जीवसृष्टी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आकडा बरोबरच असणार. मध तपासणाऱ्या प्रयोगशाळा हेच मोजमाप दिवसभर करत असतात आणि चांगलं करतात. अडचण मोजमापात नाही. यंत्राने जो कार्बन मोजला तो दगडाचा होता की दगडावरचा, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. माझी सगळी नोकरी मास स्पेक्ट्रोमीटरसमोर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर, गेली. बडोद्याहून गाडीने अहमदाबादला जायचं, आठवडाभर तिथे नमुने जाळायचे आणि शनिवारी परत यायचं. त्यातली निम्मी वर्षं 'हा कार्बन कोणाचा' याच एका प्रश्नात गेली असं म्हणालो तरी चालेल.

कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचे अणू, आहेत: हलका कार्बन-१२ आणि जड कार्बन-१३. पृथ्वीवर शंभरातले जवळपास नव्व्याण्णव अणू कार्बन-१२ चे आणि एखादा कार्बन-१३ चा. डेल्टा-१३ म्हणजे नमुन्यातलं या दोघांचं गुणोत्तर एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी किंवा जास्त आहे ते. मानक मुळात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या एका जीवाश्माच्या चुनखडीवर बेतलेलं आहे. मानकात एक लाख कार्बन अणूंमागे साधारण ११०६ अणू कार्बन-१३ चे असतात. तुमच्या पुडीत ते १०७७ निघाले. 'उणे' शब्दात एवढंच आहे: लाखामागे एकोणतीस अणू कमी. तो शब्द भीतीदायकही नाही आणि दैवीही नाही.

आणि हे उणे आपल्या ताटातही आहे. गहू, तांदूळ, तूर, शेंगदाणा, नारळ ही झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड एका पद्धतीने बांधतात. त्यांचा आकडा उणे २७ च्या आसपास येतो. बाजरी, ज्वारी, मका, ऊस यांची पद्धत वेगळी, त्यांचा आकडा उणे १२-१३. म्हणजे गव्हाची पोळी आणि बाजरीची भाकरी यंत्राला लगेच वेगळी ओळखू येते. मधात उसाची साखर घातलेली सापडते ती यामुळेच. चांगल्या मधाचा आकडा उणे २५ च्या जवळपास असतो. तुमच्या दगडाचा उणे २५.८ आला. रिपोर्ट लिहिणाऱ्याच्याही ते लक्षात आलं असेल, पण त्याचं काम मधापुरतं.

आता आदिम अशनींकडे येतो, कारण तुम्ही त्यांच्याबद्दल मनापासून विचारलं आहे आणि हा विषय मला फार जवळचा आहे. आदिम म्हणजे सूर्यमाला जन्मली तेव्हापासून, सुमारे ४५७ कोटी वर्षांत, जो दगड कधी वितळला नाही तो. अशा दगडांत कार्बनने समृद्ध असा एक गट आहे, कार्बनी कॉन्ड्राइट. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनला पडलेला अशनी त्यातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्यांपैकी एक. त्याचे शंभर किलोहून जास्त तुकडे गोळा झाले. आपल्याकडे ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला याच जातीचा एक पडला.

मर्चिसनचा 'एक' डेल्टा-१३ आकडा विचारलात तर मी सरासरी सांगू शकतो, शून्याच्या थोडी खाली. पण ती सरासरी जवळपास निरुपयोगी आहे. एखाद्या चाळीतल्या भाडेकरूंचं सरासरी वय काढावं तसं ते होतं: आकडा येतो, पण त्या वयाचा माणूस चाळीत राहतच नसतो. कार्बनही या दगडात निरनिराळ्या खोल्यांत राहतो. सगळ्यात मोठा वाटा एका काळ्या, न विरघळणाऱ्या, डांबरासारख्या सेंद्रिय पदार्थाचा, त्याचा आकडा उणे १५ ते उणे २० च्या दरम्यान. त्याच्या शेजारीच कार्बोनेट खनिजं आहेत, म्हणजे आपल्या चुनखडीची भावंडं, आणि त्यांचा आकडा अधिक ४० किंवा त्याहूनही वर. अमिनो आम्लंही अधिकच्या बाजूला. एकाच दगडात, केसाइतक्या अंतरावर, हजारी साठचा फरक. पृथ्वीवरच्या रोजच्या पदार्थांत एवढी दरी क्वचितच दिसते.

ही दरी कशी पडली, हे समजलं की बाकी बरंच उलगडतं. अशनी ज्या लघुग्रहाचा तुकडा, त्याच्या पोटात सुरुवातीला बर्फ होतं. किरणोत्सर्गाच्या उष्णतेने ते वितळलं, कोमट पाणी खडकात मुरलं, त्यातून माती आणि कार्बोनेट तयार झाली. त्या पाण्यात मिथेन तयार होऊन निसटत असेल तर हलका कार्बन-१२ त्याच्याबरोबर जातो आणि मागे राहिलेला कार्बन जड होत जातो. त्यातून साकळलेलं कार्बोनेट जड असणारच. सेंद्रिय रेणूंची गोष्ट आणखी सुंदर आहे. मर्चिसनमधल्या साध्या आम्लांची आणि वायूंची साखळी जसजशी लांब होत जाते तसतसा त्यांचा कार्बन हलका होत जातो. हे १९८४ साली मोजलं गेलं. म्हणजे हे रेणू लहानाचे मोठे झाले, एकेक कार्बन जोडत. हलका अणू जरा चपळ, तो आधी जोडला जातो, म्हणून लांब साखळीत हलके अणू जास्त. मोठ्या रेणूंचे तुकडे पडून लहान झाले असते तर चित्र उलटं दिसलं असतं. एका साध्या गुणोत्तरावरून, तेव्हा तिथे कोणीही नसताना, रेणू कोणत्या दिशेने घडले हे कळतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो आणि आजही वर्गात सांगताना तीच अवस्था होते.

आणि त्याहून आतल्या खोलीत जे बसले आहेत ते आपल्या सूर्याचे नाहीतच. १९८३ साली मर्चिसन आणि अलेंदे या दोन अशनींतला फार थोडा कार्बन, दहा लाखांत जेमतेम पाच भाग, अधिक ११०० पर्यंत जड आढळला. मघाच्या हिशेबात एक लाखात ११०६ ऐवजी जवळपास २३०० अणू. आपल्या सूर्यमालेतली कोणतीही रासायनिक क्रिया एवढा फरक पाडू शकत नाही. तिथे ताऱ्याच्या पोटातली अणुभट्टीच लागते. पुढे १९८७ साली त्याच शोधातून सिलिकॉन कार्बाइडचे कण वेगळे काढता आले. म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यांच्या वाऱ्यात ते घट्ट झाले आणि सूर्य जन्मायच्या आधीपासून धूळ म्हणून फिरत होते. त्यांच्यातलं कार्बन-१२ आणि कार्बन-१३ चं प्रमाण कणागणिक वेगळं, कुठे दहास एक, कुठे शंभरास एक. पृथ्वीवर ते साधारण एकोणनव्वदास एक. २०२० साली अशा मोठ्या कणांचं वय मोजलं गेलं, काही कण सूर्याच्या आधी कैक कोटी वर्षं जन्मलेले निघाले. हे कण मिळवायचे तर बाकी सगळा दगड तीव्र आम्लांत विरघळवून टाकावा लागतो. सुई शोधायला गंजी जाळायची, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात.

तर 'आदिम अशनीचा कार्बन उणे असतो' हे वाक्य चुकीचं आहे आणि 'अधिक असतो' हेही तितकंच चुकीचं. कोणता कार्बन, हे आधी विचारायला हवं. ते विचारायची आमची पद्धत म्हणजे टप्प्याटप्प्याने जाळणं. मोहरीएवढी पूड प्लॅटिनमच्या कागदात गुंडाळायची, क्वार्ट्झच्या नळीत सरकवायची, शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि भट्टी २०० अंशांवर आणायची. जे जळतं त्याचा कार्बन डायऑक्साइड द्रव नायट्रोजनच्या सापळ्यात, उणे १९६ अंशांवर, गोठतो. नळीच्या त्या बोटभर भागावर बाहेरून पांढरं दव चढतं. तो वायू मोजायचा, मग ३०० अंश, मग ४००. पाचशेच्या आत बहुतेक सेंद्रिय पदार्थ संपतो, सहाशे-सातशेला कार्बोनेट फुटतात, सिलिकॉन कार्बाइड हजाराच्या वर. एका नमुन्याला दीड-दोन दिवस जातात. पण शेवटी एका आकड्याऐवजी एक आलेख हाती येतो आणि प्रत्येक खोलीतला भाडेकरू वेगळा दिसतो. तुमच्या दगडाची पूड एकदम हजार अंशांवर जाळली गेली. मधासाठी तेच योग्य आहे. दगडासाठी त्यात सगळे भाडेकरू एका रांगेत उभे राहिले.

या रांगेत घुसखोर कसा शिरतो ते माझ्याच कामातून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका अशनीच्या तुकड्याने ३०० ते ४०० अंशांच्या टप्प्यांत भरपूर वायू दिला, आकडा उणे २५-२६. त्या जातीच्या दगडात इतका सेंद्रिय कार्बन अपेक्षित नव्हता. आम्ही दोन आठवडे झडप न् झडप तपासली, पंपाच्या तेलावर संशय घेतला, कोऱ्या नळ्या जाळून पाहिल्या. शेवटी तुकडा भिंगाखाली धरला तेव्हा खाचेत दोन-तीन तंतू दिसले. तुकडा आमच्याकडे येईपर्यंत कापसात गुंडाळून ठेवला होता. कापूस म्हणजे झाडाचाच कार्बन, आकडा नेमका तोच. तुकडा धुऊन, वरचा थर काढून पुन्हा जाळला, तेव्हा तो टप्पा जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हापासून कमी तापमानाला निघालेला उणे २५ चा कार्बन मी पृथ्वीचाच धरतो. तो तसा नाही हे दाखवायची जबाबदारी दाखवणाऱ्याची.

आता तुमचा दगड. इथे टक्केवारी डेल्टा-१३ पेक्षा जास्त बोलकी आहे. मर्चिसनच्या जातीच्या दगडात कार्बन सुमारे दोन टक्के, म्हणजे एका ग्रॅममागे वीस मिलिग्रॅम. तुमच्याकडे ०.०९ टक्के, ग्रॅममागे ०.९ मिलिग्रॅम. एवढा कार्बन यायला काय लागतं? खोबरेल तेलात वजनाच्या जवळपास तीन चतुर्थांश कार्बन असतो. म्हणजे ग्रॅमभर दगडात सव्वा मिलिग्रॅम तेल मुरलं की पुरे. तेलाचा एक थेंब तीस-चाळीस मिलिग्रॅमचा. एका थेंबात पंचवीस-तीस ग्रॅम दगडाला हा आकडा मिळेल. आणि तुमच्याकडे कैक दशकं रोज तेल, तूप, गंध, हळद-कुंकू, कापूर, उदबत्तीचा धूर. त्यातलं बहुतेक सगळं उणे २५ ते उणे ३० च्या झाडांचं. तुमचा उणे २५.८ याच पट्ट्यात बसतो. देवघर आपलं सगळं पावित्र्य त्या दगडात मुरवून बसलं आहे, आणि यंत्राने तेच वाचलं.

उलट बाजूने पाहू. समजा दगड खरोखर मर्चिसनसारखा आहे, स्वतःचा वीस मिलिग्रॅम कार्बन, आकडा उणे ५. त्यात तुमच्या तेलाचा ०.९ मिलिग्रॅम, आकडा उणे २९. एकत्र केल्यावर उणे ६ येतो. तेल त्याला एका अंकाने हलवतं, उणे २५.८ पर्यंत ओढू शकत नाही. म्हणून कार्बनी कॉन्ड्राइट ही शक्यता मी जवळपास बाद करतो. दुसरं कारण आणखी घरगुती आहे. हे दगड मऊ असतात. मुकुंदपुऱ्याचा पडताच फुटला. १४ मे १८६४ ला फ्रान्समध्ये पडलेल्या ऑर्गेय अशनीचे तुकडे पाण्यात विरघळून चिखल होतात. रोजचा पाण्या-दुधाचा अभिषेक पिढ्यान्‌पिढ्या सोसून गुळगुळीत राहिलेला दगड त्या कुळातला नाही.

पण अशनी नाहीच, असं मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही. साध्या कॉन्ड्राइटमध्ये, म्हणजे नेहमीच्या दगडी अशनींमध्ये, कार्बन कमीच असतो. २८ जानेवारी १९७६ ला सौराष्ट्रात धाजाळ्याला पडलेला त्या प्रकारचा, तोही आपल्या गुजरातचा. त्यात लोखंड-निकेलचे कण असतात, दगड जड असतो, आणि तो आपल्या ओल्या हवेत गंजतो. तुमच्या दगडावर कुठे तांबूस डाग आहेत का, हे पत्रात नाही. दुसरीकडे आपल्या आजूबाजूला काळ्या दगडांना तोटा नाही. पावागड म्हणजे जुन्या ज्वालामुखीचाच डोंगर, चांदोदला नर्मदेत गुळगुळीत काळे गोटे हवे तेवढे मिळतात आणि लोखंडाच्या कारखान्यांतली धातुमळीही काळीच असते. काळ्या पाषाणात (बेसॉल्टमध्ये) स्वतःचा कार्बन अगदी नगण्य असतो, त्यामुळे वरून लागलेला कार्बनच बोलतो.

जीवसृष्टीचं उत्तर दोन वाक्यांत देतो, कारण ते खरोखर तेवढंच आहे. झाडं कार्बन हलका करतात हे खरं, पण निर्जीव रसायनही करतं, आणि मर्चिसनमधला उणे आकड्याचा काळा पदार्थ त्याचाच पुरावा आहे. सजीवांची खूण ओळखायची तर ते ज्या साठ्यातून कार्बन घेत होते तोही त्याच दगडात मोजावा लागतो, एकट्या उणे आकड्यावरून कोणीही प्रामाणिक माणूस तसं सांगणार नाही.

या बाबतीत फसवणूकही जुनी आहे. ऑर्गेयच्या एका तुकड्यात झाडाचं बी आणि कोळशाचे कण सापडले होते. तो तुकडा १८६४ पासून संग्रहालयात बरणीत होता. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आत डिंक आढळला: कोणीतरी तुकडा भिजवून, बी खुपसून, पुन्हा चिकटवला होता. घुसखोर टाळायला आज माणसं थेट लघुग्रहापर्यंत यानं पाठवतात. जपानच्या यानाने डिसेंबर २०२० मध्ये रियुगूवरून ५.४ ग्रॅम माती आणली, अमेरिकेच्या यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम. एवढ्या मातीसाठी एवढा खटाटोप का, हे तुमच्या देवघरातला दगड हातात घेतला की कळेल.

पुढे काय करायचं? दगड आणखी खरवडू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला लागू देऊ नका. काट्यावर येईल ते दगडाचं आकारमान, घन सेंटीमीटरमध्ये. वजनाला त्याने भागा. २.८ ते ३.० आलं तर बहुधा काळा पाषाण. ३.३ किंवा त्याहून वर आलं आणि लोहचुंबक ओढत असेल तर मला उत्सुकता वाटेल. नुसत्या चुंबकावर विसंबू नका, पाषाणातही मॅग्नेटाइट असतं. मग दगड घेऊन बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात जा. पूड काढलेल्या जागी आतला रंग कसा आहे, बाहेरचं काळं कवच मिलिमीटरहून पातळ आहे का, हे जाणता माणूस भिंगाने पाहून बरंच सांगेल. लोखंडात निकेल निघालं, तर पुढची चर्चा करू. तसं झालं तर भारतात अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, तिथे कळवायला हवं. विकत घेणाऱ्या गृहस्थांना तोवर थांबायला सांगा.

जुनी पूड उरली असेल तर ती कागदात नको, काचेच्या कुपीत ठेवा. प्रयोगशाळेने रिकाम्या डबीचा आकडा, म्हणजे ब्लँक, किती दिला आहे तेही विचारा. आणि एक गोष्ट आजींना विचारून मला नक्की कळवा: पूर्वी अभिषेकाला तूप घरच्या म्हशीचं असायचं का, आणि तिला चारा काय होता? ज्वारी-बाजरीच्या कडब्यावर वाढलेल्या म्हशीचं तूप झाडाच्या तेलापेक्षा बरंच जड निघतं. दगडाच्या वरच्या आणि आतल्या थरांत तो फरक उतरला असेल, तर तुमच्या घरातली पूजा कोणत्या काळी कशी होत होती, हे त्याच यंत्रावर दिसू शकेल.